जिल्हा नेमका कोणाचा? चेंगलपट्टूचा धडा

आमच्या चेन्नईच्या कार्यालयात तमिळनाडूचा एक जुना नकाशा भिंतीवर टांगलेला होता. २०१९ च्या नोव्हेंबर महिन्यात, २२ ते २९ तारखांच्या दरम्यान, या राज्यात एकापाठोपाठ एक असे पाच नवे जिल्हे अस्तित्वात आले. नवा नकाशा छापून येण्यास अवकाश होता, म्हणून एका उत्साही सहकाऱ्याने स्केचपेनने जुन्याच नकाशावर नव्या हद्दी आखल्या. त्यातील शेवटची रेघ कांचीपुरम जिल्ह्यातून गेली आणि २९ नोव्हेंबर रोजी चेंगलपट्टू हा राज्याचा ३७ वा जिल्हा झाला. पुढच्याच वर्षी मयिलादुतुरै झाला आणि संख्या ३८ वर गेली. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा ही संख्या १३ होती.

ती रेघ पाहताना माझ्या मनात आलेला प्रश्न आजही सुटलेला नाही. जिल्हा वेगळा करताना आपण नेमके काय वेगळे करतो? जमीन, माणसे, पाणी, की केवळ फायली? आणि ज्याला आपण जिल्हा म्हणतो तो कोणाचा असतो, तेथे राहणाऱ्यांचा की तेथे नेमलेल्या अधिकाऱ्याचा? हा प्रश्न केवळ तमिळनाडूचा नाही. महाराष्ट्रात १९६० साली २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत आणि आणखी काही जिल्ह्यांची मागणी अधूनमधून होतच असते. म्हणून चेंगलपट्टूचा इतिहास मराठी वाचकांसमोर थोड्या विस्ताराने मांडावासा वाटतो.

प्रथम भूगोल. चेन्नई शहराला उत्तर, पश्चिम आणि दक्षिण या तिन्ही बाजूंनी वेढणारा प्रदेश म्हणजे मूळचा अविभाजित चेंगलपट्टू जिल्हा. पूर्वेस बंगालचा उपसागर. जमीन बहुतेक सपाट. पालार ही मोठी नदी, परंतु वर्षातील बराच काळ ती कोरडी असते. येथील मुख्य पाऊस आपल्यासारखा आषाढ-श्रावणात पडत नाही. तो दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्गशीर्षापर्यंत कोसळतो. सह्याद्रीसारखे डोंगर नसल्याने मोठ्या धरणांना जागा नाही. त्यामुळे येथील पूर्वजांनी शेकडो वर्षे एकच काम चिकाटीने केले: उताराला आडवे मातीचे लांब बांध घालून तलाव निर्माण केले. या तलावांना तमिळमध्ये ‘एरी’ म्हणतात. एका एरीच्या सांडव्यावरून निघालेले पाणी खालच्या एरीत, तिचे पाणी त्याखालच्या एरीत, अशी ही साखळी समुद्रापर्यंत जाते. वरच्या गावाने सांडव्याची उंची वाढवली तर खालचे गाव तहानेने मरते, आणि वरचा बांध फुटला तर खालचे गाव बुडते. येथील प्रशासनाचा खरा विषय पूर्वीपासून पाणी हाच आहे.

आता इतिहास. १७६३ साली अर्काटच्या नबाबाने हा प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीला जहागीर म्हणून दिला. इंग्रजी कागदपत्रांत पुढे कित्येक वर्षे या भागाचा उल्लेख ‘जागीर’ असाच होतो. १७६७ ते १७७४ या काळात थॉमस बर्नार्ड याने येथील सुमारे २,००० गावांची पाहणी केली. त्याच गावांचे ताडपत्रांवरील हिशेबही उपलब्ध असून धरमपाल यांच्या अभ्यासामुळे ते आपल्या पिढीला माहीत झाले. त्या हिशेबांवरून दिसते की गावच्या एकूण उत्पन्नातून सरकारी वसुलीआधीच काही वाटे बाजूला काढले जात. देवळासाठी, कारागिरांसाठी, गावकामगारांसाठी, आणि एरीच्या दुरुस्तीसाठी. पाण्याची देखभाल ही गावाच्या उत्पन्नावरील पहिल्या हक्कांपैकी एक होती. सारा वाढत गेला आणि त्याची सगळी व्यवस्था सरकारी तिजोरीकडे गेली, तसा हा वाटा आटला. बांधांची दुरुस्ती हे मग कोणा वरच्या कार्यालयाच्या मंजुरीचे काम झाले.

हे स्थित्यंतर एकाच माणसाच्या कारकिर्दीत पाहता येते. लायनेल प्लेस हा १७९४ पासून काही वर्षे येथे कलेक्टर होता. वसुलीच्या बाबतीत तो कठोर होता आणि मिरासदारांशी त्याचे खटके उडाले. तरी मदुरांतकमच्या मोठ्या तलावाचा बांध वारंवार फुटत असे, तेव्हा तो वाचवण्यासाठी हाच प्लेस रात्री-अपरात्री तेथे गेला, अशी आख्यायिका आहे. भर पावसात बांधावर धनुष्यबाण घेतलेले दोन तरुण पहारा देताना त्याला दिसले, ते राम-लक्ष्मण होते, आणि बांध टिकल्यावर त्याने तेथील रामाच्या देवळात देवीचे मंदिर बांधून दिले, असे लोक सांगतात. त्या देवळाला आजही ‘एरी राखणाऱ्या रामाचे देऊळ’ म्हणतात आणि प्लेसचे नाव तेथे कोरलेले आहे. जवळच वेदांतांगल येथील तलावावर येणाऱ्या पक्ष्यांची शिकार थांबवावी, असा आग्रह गावकऱ्यांनी धरला. पक्ष्यांच्या विष्ठेमुळे तलावाचे पाणी शेताला खतासारखे लागू पडते, असा त्यांचा अनुभव होता. १७९८ मध्ये प्लेसने तसे संरक्षण दिले. देशातील सर्वांत जुन्या पक्षी-अभयारण्यांपैकी हे एक. आख्यायिका बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. गावकऱ्यांना काय हवे ते माहीत होते, आणि त्यासाठी त्यांना कलेक्टरची कृपा मिळवावी लागली.

यापूर्वी नऊशे वर्षे, याच प्रदेशात, वेगळी व्यवस्था होती. उत्तिरमेरूर येथील देवळाच्या भिंतींवर पहिल्या परांतक चोळाच्या काळातील, इ.स. ९२० च्या आसपासचे शिलालेख आहेत. गावाचे ३० प्रभाग पाडावेत, प्रत्येक प्रभागातून पात्र व्यक्तींच्या नावांच्या चिठ्ठ्या घड्यात टाकून त्यातून एक काढावी, आणि निवडलेल्यांमधून वर्षासाठी समित्या नेमाव्यात, असे नियम तेथे कोरले आहेत. समित्यांमध्ये एक खास तलावाची समिती होती. पूर्वी समितीवर असताना ज्याने हिशेब दिला नाही त्याला, आणि त्याच्या नातेवाइकांनाही, पुन्हा उभे राहता येत नसे. लेखापरीक्षणाशी संबंध आलेल्या कोणत्याही अधिकाऱ्याला हा नियम वाचून हेवा वाटेल.

मात्र या व्यवस्थेचा गौरव करताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते ब्राह्मणांना दान दिलेले गाव होते. जमीन, स्वतःचे घर आणि वेदविद्या असलेल्या पुरुषांनाच तेथे स्थान होते. शेतात प्रत्यक्ष राबणाऱ्यांचे नाव घड्यात पडत नव्हते. ही उणीव किती दीर्घकाळ टिकली हे १८९१ साली याच जिल्ह्याचे कलेक्टर ट्रेमेनहीर यांनी दलितांच्या स्थितीवर लिहिलेल्या अहवालावरून कळते. त्यानंतर १८९२ साली मद्रास सरकारने दलितांना जमिनी देण्याचा निर्णय घेतला. त्या ‘पंचमी’ जमिनी म्हणून ओळखल्या जातात. यातील अनेक जमिनी पुढे इतरांच्या हाती गेल्या. त्या परत मिळाव्यात म्हणून १९९४ मध्ये याच भागातील कारणै गावातून आंदोलन उभे राहिले, त्यात पोलिसांच्या गोळीबारात दोघांचे प्राण गेले. जिल्हा कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर हजार वर्षांत कोणी पूर्णपणे दिलेले नाही, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

मुख्यालयाची कथा तर अधिकच बोलकी आहे. जिल्ह्याचे नाव चेंगलपट्टू, परंतु कलेक्टर बसत असे करुंगुळीत, मग काही काळ कांचीपुरमला. १८५९ पासून, मधले थोडे काळ वगळता, १९६८ पर्यंत मुख्यालय होते सैदापेट येथे, म्हणजे आजच्या चेन्नई शहरात, अडयार नदीच्या काठी. १९६८ मध्ये ते पुन्हा कांचीपुरमला गेले. ज्या गावाचे नाव जिल्ह्याने दीड शतकाहून अधिक काळ मिरवले, त्या गावी कलेक्टर कचेरी स्थिरपणे आली ती २०१९ साली. तोवर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या शेतकऱ्याने दाखल्यासाठी किती खेटे घातले असतील याची कल्पना करावी. म्हणून नव्या जिल्ह्यांना सरसकट विरोध करणाऱ्यांपैकी मी नाही. २०११ च्या जनगणनेत कांचीपुरम जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४० लाख होती आणि दहा वर्षांत ती जवळजवळ ३९ टक्क्यांनी वाढली होती. मोटारींचे कारखाने आणि माहिती-तंत्रज्ञानाच्या इमारती आल्या, त्यांच्यामागून माणसे आली. एका कलेक्टरला हा व्याप आवरणे कठीणच होते.

राजकारणाने या जिल्ह्यावर आपला ठसा उमटवला तो मात्र नावांतून. कांचीपुरम हे अण्णादुराईंचे जन्मगाव. एम. जी. रामचंद्रन १९६७ मध्ये प्रथम आमदार झाले ते सेंट थॉमस माउंट मतदारसंघातून. पुढे जिल्ह्याचे नावच ‘चेंगलपट्टू-एमजीआर’ झाले. इतर जिल्ह्यांनाही अशीच नेत्यांची नावे लागली. १९९७ मध्ये एका परिवहन महामंडळाच्या नावावरून दक्षिणेत जातीय दंगली उसळल्या, तेव्हा करुणानिधी सरकारने सर्वच जिल्ह्यांची आणि महामंडळांची नेत्यांवरून दिलेली नावे काढून टाकली. त्याच वर्षी चेंगलपट्टू-एमजीआरचे कांचीपुरम आणि तिरुवळ्ळूर असे दोन भाग झाले. नावांसाठी आपण किती शक्ती खर्च करतो हे महाराष्ट्रातील वाचकांना २०२३ आणि २०२४ नंतर वेगळे सांगायला नको. नाव हा अस्मितेचा विषय आहे, ते मी नाकारत नाही. पण ज्या तपशिलाने नावाची चर्चा होते, त्याच्या दहाव्या हिश्शानेही हद्द कोठून जावी याची होत नाही.

हद्द चुकली तर काय होते, हे १ डिसेंबर २०१५ च्या रात्री आम्ही चेन्नईत पाहिले. कांचीपुरम जिल्ह्यातील चेंबरंबाक्कम तलाव भरला होता. त्यातून सोडलेल्या पाण्याचे प्रमाण सेकंदाला २९,००० घनफुटांवर गेले. शिवाय वरच्या अंगाच्या लहान-मोठ्या एरींचे पाणी अडयार नदीत येतच होते. शहरात अडयारने पात्र सोडले. माणसे झोपेत सापडली. पुढे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालात, जो २०१८ मध्ये विधानसभेत मांडला गेला, या पुराला मानवनिर्मित आपत्ती म्हटले. तलावाचे पाणी पाटबंधाऱ्यांच्या अधिकाऱ्यांकडे, वरचा जिल्हा एका कलेक्टरकडे, खालचा दुसऱ्याकडे, शहर महापालिकेकडे. प्रत्येकाने आपापल्या हद्दीतील काम केले असे गृहीत धरले तरी नदीचे काम कोणाकडेच नव्हते.

त्यात आणखी एक गुंता होता. चेन्नई महापालिकेची हद्द २०११ मध्ये वाढून ४२६ चौरस किलोमीटर झाली होती, पण चेन्नई जिल्ह्याची हद्द तेवढी झाली २०१८ मध्ये. मधली सात वर्षे शहरातील अनेक वस्त्यांची महापालिका चेन्नईची आणि कलेक्टर शेजारच्या जिल्ह्याचा, अशी स्थिती होती. अशाच एका उपनगरात राहणारे आमच्या कार्यालयातील एक सहकारी पुरानंतर घराच्या नुकसानीची नोंद करण्यासाठी चार दिवस दोन कचेऱ्यांच्या दरम्यान फिरत होते. पहिल्या ठिकाणी घरपट्टीची पावती पाहून दुसरीकडे पाठवत, दुसऱ्या ठिकाणी रेशनकार्ड पाहून पहिलीकडे. त्यांच्या घरात छातीभर पाणी होते, हे कोणीच अमान्य करत नव्हते. कोणत्या वहीत लिहावे एवढाच प्रश्न होता. त्या कचेऱ्यांतील कर्मचारीही रात्रंदिवस राबत होते, म्हणून त्यांना दोष देववत नाही.

या अनुभवानंतर एखाद्याला वाटेल की पुढील पुनर्रचना नदी पाहून झाली असेल. २०१५ मध्ये अडयार दोन जिल्ह्यांतून वाहत होती. २०१९ नंतर ती तीन जिल्ह्यांतून वाहते: कांचीपुरम, चेंगलपट्टू आणि चेन्नई. २०१५ मध्ये बुडालेली वरदराजपुरम आणि मुडिच्चूर ही लगतची गावे. आज पहिले कांचीपुरममध्ये आहे, दुसरे चेंगलपट्टूत.

दुसरी किंमत मतपेटीने मोजली. तमिळनाडूतील स्थानिक संस्थांची मुदत ऑक्टोबर २०१६ मध्ये संपली होती आणि निवडणुका न्यायालयीन वादात अडकल्या होत्या. अखेर डिसेंबर २०१९ मध्ये ग्रामीण निवडणुका ठरल्या. परंतु नुकतेच विभाजन झालेल्या नऊ जिल्ह्यांत प्रभागरचना नव्याने केल्याशिवाय निवडणूक घेऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०१९ रोजी दिला. कायद्याच्या दृष्टीने तो योग्यच होता. परिणाम असा की कांचीपुरम आणि चेंगलपट्टूतील गावांनी मतदान केले ते ऑक्टोबर २०२१ मध्ये. म्हणजे पाच वर्षे येथील ग्रामपंचायती विशेष अधिकाऱ्यांच्या ताब्यात होत्या. ज्या भूमीत निवडणुकीचे नियम हजार वर्षांपूर्वी दगडात कोरले गेले, तेथे जिल्हा जवळ आला आणि मत दूर गेले. करोनाच्या पहिल्या दोन लाटा या गावांनी निवडलेल्या सरपंचाविना काढल्या.

येथे अमेरिकेतील काउंटीचे उदाहरण उपयोगी पडते. आकाराने ती साधारण आपल्या जिल्ह्यासारखी, परंतु स्वभावाने वेगळी. बहुतेक ठिकाणी काउंटीचा कारभार निवडलेले मंडळ चालवते, आणि पोलीस प्रमुख म्हणजे शेरीफ हाही बहुधा निवडूनच येतो. कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटी १८८९ साली लॉस एंजेलिस काउंटीतून वेगळी झाली, ती त्या भागातील लोकांचे मतदान घेऊन. आपल्याकडे हरकती-सूचना मागवतात, परंतु निर्णय अधिसूचनेने होतो. तेथील सगळेच अनुकरणीय आहे असे नाही. निवडलेला शेरीफ आपल्याकडे काय करील या कल्पनेने मलाही धास्ती वाटते. मात्र नेब्रास्का राज्याने केलेला एक प्रयोग विचार करण्यासारखा आहे. तेथे ९३ काउंट्या आहेत. त्यांच्या हद्दींना हात न लावता १९७२ पासून पाणी आणि जमिनीसाठी नदीखोऱ्यांनुसार वेगळे नैसर्गिक संसाधन जिल्हे करण्यात आले. आज ते २३ आहेत. त्यांची मंडळे लोक निवडतात आणि त्यांना मालमत्तेवर कर बसवण्याचा अधिकार आहे. दाखला काउंटीतून मिळतो, पाण्याचा निर्णय खोऱ्यात होतो.

आपल्या राज्यघटनेतही याचे बीज आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रत्येक जिल्ह्यासाठी जिल्हा नियोजन समिती आणि १० लाखांहून मोठ्या महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती सांगितली. पहिलीत किमान चार-पंचमांश आणि दुसरीत किमान दोन-तृतीयांश सदस्य स्थानिक लोकप्रतिनिधींमधून निवडलेले असावेत. चेन्नई महानगर क्षेत्र २०२२ मध्ये ५,९०४ चौरस किलोमीटरपर्यंत वाढवले गेले. म्हणजे ही सारी एरींची साखळी एका नियोजनक्षेत्रात येऊ शकते. उणीव आहे ती समितीला खरे अधिकार आणि निधी देण्याची.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे? १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा, म्हणजे आजचा सांगली जिल्हा, वेगळा झाला. कोयना धरण साताऱ्यात आणि बुडते सांगली, हे २०१९ च्या ऑगस्टमध्ये सर्वांनी पाहिले. ठाण्यातून २०१४ साली पालघर निघाला. मुंबईचे पाणी येते ते ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतील तलावांतून. हद्दीचे प्रश्न तेथेही आहेत, फक्त अजून कसोटीची रात्र आलेली नाही.

माझ्या सूचना चार आहेत.

१) नव्या जिल्ह्याचा प्रस्ताव करताना मुख्यालयापासूनचे अंतर आणि लोकसंख्या यांच्या जोडीला खोऱ्याचा नकाशा जोडणे बंधनकारक करावे. नदी तुटत असेल तर दोन्ही बाजूंचा संयुक्त आराखडा अधिसूचनेसोबतच निघावा.

२) विभाजनाची तारीख स्थानिक निवडणुकांशी सांगड घालून ठरवावी. प्रभागरचना पूर्ण होईपर्यंत नवा जिल्हा अमलात येऊ नये.

३) महानगरपालिकेची हद्द आणि जिल्ह्याची हद्द यांत फरक पडत असेल, तर आपत्तीच्या काळात नोंद कोणी करावी हे आधीच लेखी ठरवून जाहीर करावे.

४) जिल्हा आणि महानगर नियोजन समित्यांना तलाव, नाले आणि पूर यांबाबत निधीसह अधिकार द्यावेत, आणि उत्तिरमेरूरप्रमाणे हिशेब न देणाऱ्यास पुन्हा तेथे स्थान नसावे.

नवी कलेक्टर कचेरी जवळ आली की नागरिकाचा एक दिवसाचा प्रवास वाचतो. हा लाभ लहान नाही. पण त्या कचेरीत जाऊन तो केवळ अर्जच करणार असेल, तर जिल्हा अजूनही जहागीरच आहे, फक्त थोडी लहान. नैर्ऋत्य मोसमी पाऊस संपून ईशान्येकडून ढग येऊ लागले की दर वर्षी चेंबरंबाक्कमच्या पाण्याची पातळी वृत्तपत्रांत छापून येते आणि अडयारच्या काठचे लोक ती रोज वाचतात. त्या पातळीवर त्यांचे मत कोणी विचारील, अशी एकही जागा तीन जिल्ह्यांत मिळून आपण अद्याप निर्माण केलेली नाही. पुढची रेघ ओढण्यापूर्वी ती जागा निर्माण व्हावी, एवढेच मागणे आहे.